नाण्यावरचा विजय : रोमन चांदीची नाणी वाचायची कशी?

ब्रिटनमधल्या एखाद्या शेतात धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या कुणाला तरी रोमन नाण्यांचा साठा सापडतो आणि ती बातमी जगभर फिरते. आपल्या वर्तमानपत्रांतही ती आतल्या पानावर येते. सोबत फोटो असतो : झिजलेली चांदीची चकती, एका बाजूला सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला जमिनीवर बसलेली, डोकं हातावर टेकलेली एक बाई. खाली ओळ असते, ‘रोमच्या विजयाचं स्मारक’. बातमी तिथेच संपते. ती बाई कोण, आणि भाजी-भाकरीच्या व्यवहारात फिरणाऱ्या पैशावर लढाईचं चित्र काढायचं कुणाला व कशासाठी सुचलं, हे मात्र राहूनच जातं.

हे समजून घ्यायला लॅटिन यावं लागत नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुरे : नाण्यावरचं चित्र हा जिंकणाऱ्याने, किंवा जिंकलो असं म्हणणाऱ्याने, केलेला दावा असतो. चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स दिसला की तो कुणी लावला, कुणाच्या पैशाने लावला आणि निवडणूक किती लांब आहे, हे आपण आपोआप बघतो. रोमन नाण्याकडेही त्याच नजरेने बघायचं.

## आधी नाणं हातात घेऊ

रोमच्या नेहमीच्या चांदीच्या नाण्याचं नाव दिनारियस. इ.स.पू. २११ च्या सुमारास, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना ते सुरू झालं. पुढे स्थिरावलेलं त्याचं वजन चार ग्रॅमच्या किंचित आत, व्यास साधारण १८ ते २० मिलिमीटर. सम्राट ऑगस्टसच्या काळात रोमन पायदळातल्या शिपायाला वर्षाला २२५ दिनारियस पगार होता आणि तो तीन हप्त्यांत मिळे. ही नाणी प्रथम कुणाच्या हातात पडत होती, हे त्यावरून कळतं. लढाईचं चित्र असलेला पैसा सर्वांत आधी लढणाऱ्याच्याच मुठीत जाई.

नाणं पाडायची पद्धत हाताची होती. दोन ठसे कोरलेले असत. एक ऐरणीत घट्ट बसवलेला, दुसरा हातात धरलेला. मध्ये चांदीची तापवलेली चकती ठेवायची आणि वरून हातोड्याचा घाव घालायचा. त्यामुळे एकाच ठशाची दोन नाणीही तंतोतंत सारखी निघत नाहीत. कुठे अक्षरं कडेबाहेर गेलेली, कुठे चित्र एका अंगाला सरकलेलं.

प्रजासत्ताकाच्या काळात, म्हणजे सम्राट येण्याआधी, टांकसाळ रोमच्या कॅपिटोल टेकडीवर जुनो मोनेटा देवीच्या मंदिरापाशी होती. तिचा कारभार साधारणपणे तीन तरुण अधिकारी बघत. घरंदाज मुलांच्या राजकीय कारकिर्दीची ही पहिली पायरी असे आणि नाण्यावर काय कोरायचं यात त्यांना बरीच मोकळीक होती. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ या मोकळिकीत आहे.

## चांदी आली कुठून?

चित्राआधी धातूबद्दल बोलायला हवं, कारण या नाण्यांतली चांदीच मुळात युद्धातून आलेली होती. सिसिलीतलं श्रीमंत सिरॅक्यूज शहर रोमने इ.स.पू. २१२ मध्ये जिंकलं आणि लुटलं. दिनारियस सुरू झाला तो लगेच त्यानंतर. ही लूट नव्या नाण्याच्या कामी आली असावी असं इतिहासकार मानतात. मग इ.स.पू. २०९ मध्ये रोमन सेनापती स्किपिओने स्पेनच्या किनाऱ्यावरचं, आज कार्ताहेना म्हणतात ते, शहर घेतलं आणि त्याच्या आसपासच्या चांदीच्या खाणी रोमच्या ताब्यात आल्या. ग्रीक इतिहासकार पॉलिबिअसने तिथला आकडा नोंदवला आहे : ४०,००० माणसं खाणीत राबत आणि रोमला रोजचं उत्पन्न २५,००० द्राख्मा. द्राख्मा हे ग्रीक चांदीचं नाणं, किमतीने दिनारियसच्या जवळपास.

मला हा ४०,००० चा आकडा कुठल्याही नाण्यावरच्या कैद्यापेक्षा जास्त बोलका वाटतो. नाण्यावर जिंकलेला देश एका बाईच्या किंवा एका पुरुषाच्या रूपात दाखवतात. त्याच नाण्याची चांदी खणणाऱ्यांचं चित्र काढावं असं कुणाला वाटलं नाही.

इ.स.पू. १६८ मध्ये पिदनाच्या लढाईत मॅसेडोनियाचा राजा पर्सियस हरला. त्याचा खजिना रोममध्ये इतका आला की पुढच्याच वर्षापासून रोमन नागरिकांवरचा प्रत्यक्ष युद्धकर थांबवण्यात आला. विजयाचा फायदा घरोघरी पोचला तो असा. विजयाचं चित्र रोमन माणसाला का आवडावं, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

## सुरुवातीला फुशारकी घराण्याची होती

सुरुवातीच्या दिनारियसवर रोमा देवीचं शिरस्त्राण घातलेलं डोकं आणि घोड्यावरचे जुळे देव असत. हळूहळू टांकसाळीतल्या तरुणांना आपल्या घराण्याची आठवण होऊ लागली. इ.स.पू. ६२ मधला एक दिनारियस बघा. मध्ये एका खांबावर शत्रूची शस्त्रं आणि चिलखत लटकवलेलं आहे. अशा खांबाला आपण विजयस्तंभ म्हणू. उजवीकडे रोमन सेनापती पॉलुस, डावीकडे हात बांधलेला राजा पर्सियस आणि त्याची दोन लहान मुलं. पिदनाची लढाई होऊन तेव्हा शंभराहून अधिक वर्षं उलटली होती.

नाणं काढणारा तरुण एमिलियस लेपिदस घराण्याचा. नावात पॉलुस जोडून तो त्या सेनापतीचा वारसा सांगत होता. पण पिदना जिंकणाऱ्या पॉलुसची थोरली दोन मुलं दुसऱ्या घराण्यांत दत्तक गेली होती आणि धाकटी दोन विजयमिरवणुकीच्या आगेमागे वारली. त्याचा सरळ वंश त्या नावाने पुढे चाललाच नाही. म्हणजे नाण्यावरची लढाई खरी, राजा खरा, कैद खरी. दावा सांगणाऱ्याचं नातं तेवढं ओढूनताणून आणलेलं.

त्या चित्रातल्या मुलांपैकी एकाचं पुढे काय झालं हे ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहून ठेवलंय. अलेक्झांडर नावाचा तो राजपुत्र धातूवर बारीक नक्षी उठवण्याच्या कामात तरबेज झाला, लॅटिन लिहायला-बोलायला शिकला आणि रोमन अधिकाऱ्यांचा कारकून म्हणून जगला. नाण्यावर तो कायमचा बापाशेजारी हात बांधून उभा आहे.

## गुडघे टेकलेला राजा आणि त्याचा उंट

आता एक नाणं जरा सावकाश बघू, कारण इतकं उघड उदाहरण दुसरं नाही.

साल इ.स.पू. ५८. दिनारियसच्या एका बाजूला उंट, त्याच्या पुढे गुडघ्यावर बसलेला एक माणूस. एका हातात उंटाचा लगाम, दुसऱ्यात ऑलिव्हची फांदी. फांदी म्हणजे ‘शरण आलोय, तह करा’. खाली अक्षरं : ‘राजा अरेतास’. वर स्कॉरुसचं नाव. अरेतास हा पेट्रा राजधानी असलेल्या नबातियन अरबांचा राजा. स्कॉरुस हा रोमन सेनापती पाँपेचा सरदार, सिरियात नेमलेला.

चित्रावरून वाटेल की स्कॉरुसने अरेतासला रणात लोळवलं. ज्यू इतिहासकार जोसेफसने लिहिलेली हकिगत वेगळी आहे. स्कॉरुस पेट्रावर चालून गेला, पण मुलूख अवघड होता आणि त्याच्या सैन्याची उपासमार होऊ लागली. मध्यस्थ गेला, बोलणी झाली आणि ३०० टॅलंट चांदी घेऊन स्कॉरुस परत फिरला. एक टॅलंट सुमारे २६ किलोचा, म्हणजे सगळी मिळून साडेसात टनांहून जास्त चांदी. पेट्रा पडलं नाही. अरेतासचं राज्य राहिलं. नबातियन मुलूख रोमच्या साम्राज्यात आला तो इ.स. १०६ मध्ये, सम्राट ट्राजानच्या काळात. राजाने पैसे देऊन फौज माघारी लावली होती आणि नाण्यावर तो गुडघे टेकून बसलाय.

मग स्कॉरुसला हे नाणं कशाला हवं होतं? त्या वर्षी तो रोममध्ये ‘एडाइल’ या पदावर होता. शहराची व्यवस्था आणि सार्वजनिक खेळांचं आयोजन ही त्या पदाची कामं. वरचं पद मिळवायचं तर याच वर्षी लोकांच्या डोळ्यांत भरायचं असे. स्कॉरुसने खेळांवर पैसा पाण्यासारखा ओतला. रोमकरांनी पहिल्यांदा पाणघोडा बघितला तो त्याच्या खेळांत, सोबत पाच मगरी. त्याच वर्षी हा उंट लोकांच्या खिशात गेला. टांकसाळीच्या इतिहासात हे नाणं महत्त्वाचं मानतात, कारण पूर्वजांचा नव्हे तर स्वतःचा पराक्रम जिवंतपणी नाण्यावर कोरून घेणारा हा रोमच्या टांकसाळीतला पहिला अधिकारी समजतात.

नाण्याची दुसरी बाजू त्याच्या जोडीदार एडाइलची आहे. तिथे रथावर ज्युपिटर देव आणि मजकूर : त्याच्या पूर्वजाने प्रिवेर्नम जिंकलं. ती घटना सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वीची! एका बाजूला जुन्या पद्धतीची घराण्याची फुशारकी आणि दुसऱ्या बाजूला नव्या पद्धतीची स्वतःची. बदल एकाच चकतीवर दिसतो.

## सम्राट आले आणि दावा एकाचा झाला

स्वतःच्या विजयाचं नाणं काढण्यात सीझर स्कॉरुसच्या कितीतरी पुढे गेला. गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सचा मुलूख, जिंकल्यावर निघालेल्या नाण्यांपैकी इ.स.पू. ४८ मधल्या एकावर विस्कटलेल्या केसांचा, टोकदार दाढीचा, गळ्यात साखळी असलेला गॉल पुरुष आहे. मागच्या बाजूला धावत्या रथात मागे तोंड करून भाला फेकणारा उघडा योद्धा. हा चेहरा म्हणजे गॉलांचा नेता वर्सिंगेतोरिक्सच, असं विक्रेते हमखास सांगतात. नाण्यावर मात्र तसं नाव नाही. इ.स.पू. ५२ मध्ये शरण आलेला तो नेता हे नाणं निघालं तेव्हा रोमच्या कैदेत जिवंत होता, इ.स.पू. ४६ च्या विजयमिरवणुकीत त्याला फिरवून मग मारलं. चेहऱ्याला नाव दिलं की किंमत वाढते, एवढंच त्या विक्रेत्यांच्या खात्रीमागे असतं.

सीझरचा वारस ऑक्टेवियनने, म्हणजेच पुढच्या ऑगस्टसने, इजिप्त घेतल्यावर इ.स.पू. २८ च्या सुमाराला दिनारियसवर एक मगर आणि दोन शब्द टाकले : ‘इजिप्तो काप्ता’. काप्ता म्हणजे ‘जिंकली, काबीज केली’. हा शब्द पुढे दीडशे वर्षं नाण्यांवर दिसत राहतो, म्हणून तेवढा लक्षात ठेवा. इजिप्तच्या बाबतीत तो अगदी खरा होता. क्लिओपात्रा मेली होती आणि देश रोमचा झाला होता.

पण दहाएक वर्षांनी तोच शब्द आर्मेनियाला लागला. नाण्यावर ‘आर्मेनिया काप्ता’. प्रत्यक्षात रोमने तिथल्या गादीवर आपल्या पसंतीचा राजपुत्र तिग्रानेस बसवला आणि सैन्य परत आलं. विशेष म्हणजे ऑगस्टसने मरण्यापूर्वी आपल्या कामगिरीचा जो वृत्तान्त लिहून ठेवला, त्यात तो स्वतः म्हणतो की आर्मेनियाचा प्रांत करता आला असता, पण मी ते राज्य तिग्रानेसला देणं पसंत केलं. एकाच माणसाच्या दोन विधानांत एवढा फरक पडतो, कारण एक विधान शिपायांच्या आणि बाजाराच्या हातात जायचं होतं आणि दुसरं सावकाश वाचायला कोरलं जाणार होतं.

पार्थियाचंही, म्हणजे इराणकडच्या साम्राज्याचंही, तसंच. इ.स.पू. ५३ मध्ये कर्‍हाई इथे रोमन सेनापती क्रॅससच्या सैन्याचा पार्थियनांनी धुव्वा उडवला आणि रोमन पलटणींची निशाणं नेली. ही सल रोमला तेहतीस वर्षं होती. इ.स.पू. २० मध्ये निशाणं परत आली ती वाटाघाटींतून. लढाई झालीच नाही. दिनारियसवर मात्र पायजमा घातलेला पार्थियन गुडघ्यावर बसून निशाण पुढे करतोय. स्कॉरुसच्या अरेतासची आठवण होते ना? तीच बैठक, तेच हात. रोमच्या ठसे कोरणाऱ्यांकडे शरणागतीचं एक ठरलेलं चित्र होतं. माणूस बदलला की कपडे बदलायचे.

## ती बसलेली बाई कोण?

आता बातमीतल्या फोटोकडे येऊ. ती बाई म्हणजे बहुतेक वेळा एखादा अख्खा प्रदेश. सीझरच्या इ.स.पू. ४६-४५ च्या दिनारियसवर विजयस्तंभाच्या एका बाजूला हात मागे बांधलेला दाढीवाला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला डोकं हातावर टेकून बसलेली बाई आहे. हा नमुना पुढे पुन्हा पुन्हा वापरला गेला. सर्वांत प्रसिद्ध झाली ती इ.स. ७० च्या आसपासची सम्राट व्हेस्पेशियनची ज्यूदिया, म्हणजे जेरुसलेमच्या भोवतीचा ज्यूंचा मुलूख.

दिनारियसवर जागा कमी, म्हणून चित्र आटोपशीर आहे : विजयस्तंभ, त्याच्या पायाशी शोक करणारी बाई, खाली एकच शब्द, ‘ज्यूदिया’. तांब्या-पितळेच्या मोठ्या नाण्यांवर ताडाच्या जातीचं खजुराचं झाड, कैदी आणि ‘ज्यूदिया काप्ता’ असा पूर्ण मजकूर येतो.

इथे थांबून विचारायला हवं. ज्यूदिया रोमने कधी जिंकली? रोमचा अधिकारी तिथे इ.स. ६ पासून, मधली तीनेक वर्षं सोडता, थेट कारभार करत होता. इ.स. ६६ मध्ये तिथल्या लोकांनी बंड केलं. ते मोडताना इ.स. ७० मध्ये जेरुसलेम आणि तिथलं मंदिर उद्ध्वस्त झालं. आपल्याच प्रांतातलं बंड मोडलं, याला ‘काबीज केलं’ म्हणत नाहीत. पण व्हेस्पेशियनला तेच म्हणायचं होतं. तो नामांकित घराण्यातला नव्हता, आणि इ.स. ६९ मध्ये रोमनांनीच रोमनांना मारून झालेल्या यादवीतून सत्तेवर आला होता. यादवीतल्या विजयाचा उत्सव करणं रोममध्ये कमीपणाचं मानत. मिरवणूक परक्या शत्रूला हरवल्याची निघायची. ज्यूदियाला परका देश ठरवलं की नव्या राजघराण्याला पाया मिळत होता.

या नाण्याला आणखी एक बाजू आहे आणि मला ती फार अस्वस्थ करते. ज्यू पुरुष आपल्या मंदिरासाठी दरवर्षी अर्धा शेकेल देत. मंदिर गेल्यावर व्हेस्पेशियनने तो कर बंद केला नाही. तो रोमच्या ज्युपिटर देवाच्या नावे वळवला, बायका-मुलांवरही लावला. रक्कम माणशी दोन द्राख्मा, म्हणजे दोन दिनारियस. करापोटी दिलेल्या नाण्यांत शोक करणाऱ्या ज्यूदियाची नाणी असणारच. हरलेल्या माणसाला आपल्याच पराभवाचं चित्र मोजून द्यावं लागत होतं.

## पण नाण्याकडे बघतं कोण?

ही शंका रास्त आहे. आपल्या पाकिटातल्या नोटेच्या मागच्या बाजूला काय आहे, हे पटकन सांगता येत नाही. रोमन माणूस तरी कशाला बघत बसेल?

दोन गोष्टी सांगता येतात. पहिली, त्या काळच्या लिखाणात लोक नाण्याकडे बघतात असं गृहीत धरलेलं आहे. बायबलमध्ये करासंबंधी पेचाचा प्रश्न विचारणाऱ्यांना येशू दिनारियस आणायला लावतो आणि ‘हा चेहरा आणि हा लेख कुणाचा?’ असं विचारतो. तत्त्वज्ञ एपिक्टेटसने उदाहरण दिलंय की नाण्यावर ट्राजानचा ठसा असेल तर घे, नीरोचा असेल तर फेक. दुसरी गोष्ट, त्या काळी रोजच्या रोज नजरेसमोर येणारी छापील चित्रं नव्हती. दूरच्या छावणीतल्या शिपायापर्यंत किंवा सीमेवरच्या व्यापाऱ्यापर्यंत सम्राटाचा ताजा चेहरा नेणारं नाण्याइतकं सोयीचं साधन दुसरं नव्हतं. प्रत्येक जण अक्षरं वाचत होता असं नाही. गुडघे टेकलेला माणूस आणि बांधलेले हात समजायला अक्षरांची गरज पडत नाही.

## मग ही नाणी खोटी समजायची का?

नाही, आणि ही चूक उत्साही वाचक हटकून करतात. दावा फसवा असला तरी नाणं साक्षीदार म्हणून फार मोलाचं असतं, फक्त प्रश्न बदलावा लागतो. ‘काय घडलं?’ याऐवजी ‘काय घडलं असं लोकांना वाटावं अशी इच्छा होती?’ हे विचारलं की नाणं खरं बोलतं. सम्राट क्लॉडियसच्या इ.स. ४६-४७ च्या नाण्यांवर ब्रिटनच्या विजयाची कमान दिसते, पण रोममधल्या खऱ्या कमानीचा लेख इ.स. ५१ चा आहे. दगडी काम पुरं होण्याच्या कितीतरी आधी कमान चांदीत उभी राहिली होती, यावरून त्या विजयाची त्याला किती घाई होती ते कळतं. ट्राजानचे डेशियातले विजय, म्हणजे आजच्या रोमानियातले, खरेच होते. ‘डेशिया काप्ता’चा दिनारियस त्या बाबतीत चोख आहे. त्याच ट्राजानच्या ‘पार्थिया काप्ता’ची गोष्ट निराळी. इ.स. ११६ मध्ये दावा केला, ११७ मध्ये तो वारला आणि वारस हेड्रियनने मेसोपोटेमियातून पाय मागे घेतला.

शिवाय चित्र काहीही म्हणो, धातूचा कस लपत नाही. ऑगस्टसचा दिनारियस जवळजवळ शुद्ध चांदीचा होता. नीरोने इ.स. ६४ मध्ये वजन घटवलं आणि चांदीत हीण मिसळून कस सुमारे ८० टक्क्यांवर आणला. सेप्टिमियस सेव्हेरसने पार्थियाची राजधानी खरोखर घेतली, नाण्यांवर विजयस्तंभ आणि पायाशी दोन कैदी कोरून ‘थोर पार्थियाविजेता’ ही पदवी लावली. त्या नाण्यांत चांदी उरली होती निम्म्याच्या आसपास. सैन्याचा पगार वाढवावा लागला, चांदी पुरेना. विजयाचं चित्र आणि विजयाचा खर्च एकाच नाण्यात वाचता येतात, त्यासाठी सराफाची नजर लागते.

## ही नाणी आपल्याकडे आली का?

आली, आणि भरपूर आली, पण बहुतेक दक्षिणेत : तमिळनाडू, केरळ, आंध्र. मिरी, मलमल, मोती यांच्या बदल्यात. त्यांत दोनच प्रकार प्रचंड संख्येने सापडतात. एकावर ऑगस्टसचे दोन नातू ढाली-भाले घेऊन उभे, दुसऱ्या प्रकारात सम्राट टायबेरियसच्या चेहऱ्याच्या मागच्या बाजूला बसलेली एक स्त्री. ही स्त्री राजदंड हातात घेऊन खुर्चीवर बसलेली आहे, कैदी नव्हे. दोन्ही नाणी नीरोच्या आधीची, चांगल्या कसाची. इथल्या व्यापाऱ्याला सम्राटाने कुठला देश जिंकला याच्याशी कर्तव्य नव्हतं. भारतात सापडलेल्या कित्येक रोमन नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा आडवा छेद आहे. आत खरी चांदी किंवा खरं सोनं आहे का, याची परीक्षा असावी, किंवा परका चेहरा रद्द करण्याची खूण; अभ्यासकांत दोन्ही मतं आहेत.

जाता जाता एक व्यावहारिक गोष्ट. ऑनलाइन ‘खरा रोमन दिनारियस’ विकणारे खूप आहेत आणि बनावट नाणीही तितकीच. आपल्या कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. शेतात नांगरताना हंडा लागला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. वितळवून टाकलेल्या साठ्याबरोबर त्यातली सगळी माहितीही वितळते, म्हणून हे कळकळीने सांगतो.

## हरलेल्यांचा ठसा, जिंकलेल्यांचा ठसा

रोमन विजयनाण्यांना मिळालेलं सर्वांत थेट उत्तर ज्यूदियातूनच आलं. इ.स. १३२ मध्ये बार कोखबाच्या नेतृत्वाखाली पुन्हा उठाव झाला. बंडखोरांनी बाजारातले रोमन दिनारियस गोळा केले आणि वितळवण्याच्या भानगडीत न पडता त्याच नाण्यांवर आपले ठसे मारले : द्राक्षांचा घड, वीणेसारखं तंतुवाद्य, तुताऱ्या, आणि ‘जेरुसलेमच्या स्वातंत्र्यासाठी’ अशी अक्षरं. काही नाण्यांवर नव्या अक्षरांखालून सम्राटाच्या डोक्याची रेघ अजून दिसते. इ.स. १३५ मध्ये हा उठावही चिरडला गेला, पण नाणी राहिली.

साधारण त्याच शतकांत हाच प्रकार गोदावरीकाठी झाला, आणि तोही कितीतरी मोठ्या प्रमाणावर. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३ हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रप राजाची. एका बाजूला त्याचा चेहरा, भोवती ग्रीक वळणाची अक्षरं, मागे बाण आणि वज्र. यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे : एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि त्याचं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैनी चिन्ह म्हणतात ते. नहपानाच्या नाकावर डोंगर चढलेला, हनुवटी तेवढी शिल्लक, अशी नाणी त्या साठ्यात आहेत.

आता पहिला नियम इथेही लावायला हवा : दावा कुणाचा आणि दुसरा पुरावा आहे का? आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, बलश्रीचा, लेख आहे. मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असं त्यात म्हटलंय. तोही घरचाच दावा झाला. पण नहपानाची हजारो नाणी सातवाहनांच्या हातात येऊन त्यांच्यावर ठसा बसतो, ही गोष्ट नुसत्या शब्दांची नाही. अरेतासच्या उंटामागे असला भक्कम आधार नव्हता.

सातकर्णीने ती नाणी वितळवली का नाहीत, याचं उत्तर शेजारच्या दहाव्या लेण्यात सापडू शकतं. नहपानाचा जावई उषवदात तिथे लिहून ठेवतो की गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, त्याने दोन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाचं चांदीचं चलन, दरमहा शेकडा एक व्याजाने कायमचे ठेवले आणि त्या व्याजातून लेण्यातल्या भिक्खूंना वस्त्रं द्यायची. अशा ठेवी, व्याज, मजुरी सगळं त्या चलनात बांधलेलं होतं. राजा बदलला म्हणून विणकरांचे हिशेब मोडून चालणार नव्हतं. नाण्याचं वजन तेच ठेवलं, कस तोच ठेवला, आणि नाव बदललं. तेही सगळ्या नाण्यांवर बदललं नाही; साठ्यातली हजारो नाणी ठशाशिवाय, नहपानाच्याच चेहऱ्यासह, बाकीच्यांत मिसळून ठेवलेली सापडली.